गाडीत बंब आहे

आतोबा गेल्यापासून आमच्या इंदूआत्यानं देवास सोडलं नव्हतं. लग्नाचं बोलावणं आलं की तिचे गुडघे दुखायचे, मुंजीचं आलं की रक्तदाब वाढायचा, आणि या सगळ्याला उत्तर तयार ठेवलं की ती शेवटचा हुकमी पत्ता टाकायची. तो म्हणजे आंघोळ. पहाटे उठून कढत पाण्यानं आंघोळ झाल्याशिवाय ती देवापुढे बसत नाही, आणि देवापुढे बसल्याशिवाय चहाही घेत नाही. मग परक्या घरी पहाटे पाणी कोण तापवणार, म्हणून आपलं घर बरं.

माझी आई नोकरी करायची, त्यामुळे मला लहानाचं मोठं आत्यानंच केलं. एके काळी शाळेच्या सहली घेऊन गावोगाव हिंडणारी ही बाई आता खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत एवढाच प्रवास करत होती. मला त्याची खरोखर भीती वाटायला लागली होती. त्यातून तिकडे धारच्या पुढे कुक्षीला तिची जुनी मैत्रीण विमलताई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. दोघींनी एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. आता दर रविवारी फोनवर बोलतात. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं गुपित आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ असतं. "एकदा येऊन जा गं," असं विमलताई दर वेळी म्हणायची आणि आत्या दर वेळी विषय बदलायची.

या घोळावर उपाय सापडला तो माझ्या नवऱ्याला. मिलिंदनं एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन वर्षभर खपून तिची कॅम्पर व्हॅन केली होती. आत पलंग, ओटा, सिंक, आणि कपाटाएवढी का होईना, पण न्हाणी. इंदूरच्या एका माणसाकडून त्यानं गाडीत बसवायचा वॉटर हीटरही मिळवला. पाणी साठवून तापवणारी छोटी टाकी, गॅसवरही चालते आणि विजेवरही. सोबत माहितीपुस्तिका आली होती. मी विम्याच्या कामात असल्यामुळे बारीक अक्षरांतलं आधी वाचते. मिलिंदचं मत असं, की ज्याला हात आहेत त्याला पुस्तिका लागत नाही.

आत्या गाडी बघायला आली. पलंगाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही, फ्रिजकडेही नाही. न्हाणीचं दार उघडून तिनं विचारलं, "बंब कुठाय?"

तरुण वाचकांसाठी सांगते. बंब म्हणजे पूर्वीचं तांब्याचं उभं भांडं. मधल्या नळीत जाळ घालायचा, भोवती पाणी तापायचं. आत्याच्या लेखी पाणी तापवणारी कुठलीही वस्तू हा बंबच. भिंतीवरचा गीझरही बंब, सोसायटीच्या गच्चीवरचा सोलरही बंब. मिलिंदनं तोटी उघडून वाफाळतं पाणी दाखवलं. आत्यानं बोट घातलं, पटकन काढलं, आणि अट सांगितली. येते. पण एक जरी सकाळ गार पाण्याची निघाली, तर गाडी तिथूनच माघारी वळवायची, आणि त्यानंतर मला कुठं चल म्हणून कुणी म्हणायचं नाही. तिच्या आवाजावरून कळलं, की ही गंमत नव्हती. एक सकाळ चुकली असती, तर ती कायमची गॅलरीत बसणार होती.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही कुक्षीला निघालो, वाटेत एक मुक्काम धरून. देवास ते धार शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. इंदूरच्या गर्दीत शिरू नका, बायपास घ्या, आणि मोठी गाडी असेल तर फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना ते घरूनच बघा. आम्ही बघितलं नव्हतं, त्यामुळे टोलनाक्यावर मागच्या ट्रकवाल्यानं आमचा उद्धार केला. रस्ता उत्तम आहे. दोन्हीकडे गहू आणि हरभरा, मध्येच लसणाचे वाफे, आणि धुकं उठल्यावर असं कोवळं ऊन, की मिलिंदसुद्धा पाच मिनिटं गप्प बसला.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि कच्चा कांदा, बाजूला गरम जिलबी. तिघांचं पोट भरलं, खिशाला कळलंही नाही. आत्याला हात धुवायला गरम पाणी मिळावं, म्हणजे तिचा बंबावर विश्वास बसेल, या उदात्त हेतूनं मिलिंदनं गाडीतला हीटर गॅसवर पेटवून ठेवला होता.

मी पोहे खाता खाता पुस्तिका वाचत होते. त्यात लिहिलं होतं, की टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, दाब वाढतो, आणि व्हॉल्व्हमधून थोडं पाणी टपकतं. टपकू द्यावं. तो व्हॉल्व्ह कधीही, कुठल्याही परिस्थितीत बंद करू नये. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मिलिंदचा चमचा तोंडाशी थांबला.

"ते टपकून राहिलं होतं," तो म्हणाला, "म्हणून मी बंद केलं."

"कशानं?"

"पितळी डाट मारला, बूच. टेप गुंडाळून. एकदम पक्का."

आता बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण मिलिंद देवासचा आहे. आमच्या लहानपणी देवासला रेल्वेनं पाणी यायचं. स्टेशनवर पाण्याची गाडी लागली की गावात बातमी फिरायची. त्या गावात वाढलेल्या माणसाला टपकता नळ बघवत नाही. तो दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी हात धुताना त्यांचा वॉशर तपासतो. दुरुस्तीचं तंत्र त्याला येत नव्हतं असं नाही. थेंब वाया जाणं त्याच्या अंगाला सोसत नव्हतं, एवढंच.

तेवढ्यात गाडीतून टण्ण असा आवाज आला. मिलिंद पोहे टाकून पळाला. मी त्याच्यामागे. आधी गॅस बंद केला, मग पाण्याचा पंप. टाकी आतून कण्हत होती. तिला हात लावायचा नाही, निवू द्यायचं, असं पुस्तिकेत होतं, म्हणून आम्ही दोघं दाराशी उभं राहून तिच्याकडे बघत राहिलो.

या गडबडीत आत्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पण आत्या आयुष्यभर शिक्षिका होती. धोका दिसला की आधी मुलांना मैदानात काढायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. ढाब्याशेजारीच पोलिसांचं बॅरिकेड होतं आणि एक हवालदार हेल्मेट न घातलेल्यांना अडवत होता. आत्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भिया, लोगों को हटाओ," ती म्हणाली. आमच्या माळव्यात भैयाचा भिया होतो. "हमारी गाड़ी में बंब है. दामाद ने उसका मुँह बंद कर दिया. अब वो फूटेगा."

हवालदारानं शिट्टी तोंडातून काढली. "बम? अम्मा, किसने रखा?"

"दामाद ने ही बिठाया. देवास में, घर पे."

"काय के लिए?"

"नहाने के लिए," आत्या म्हणाली. असल्या प्रश्नाचं तिला नवल वाटलं असावं. "हमारे यहाँ तो पीढ़ियों से बंब पे ही नहाते हैं."

पुढचं मी स्वतः पाहिलं. ढाबा रिकामा झाला. पोहे, जिलब्या, अर्धे चहा टेबलावर, आणि माणसं थेट रस्त्यापलीकडे. जिलबीवाला कढई सोडून पळाला, पण परत येऊन गॅस बंद करून पुन्हा पळाला, याचं मला आजही कौतुक वाटतं. हवालदारानं मिलिंदला हात वर करायला लावले. मग गाडीत सिलिंडर दिसल्यावर हात खाली करायला लावून सिलिंडर हरभऱ्याच्या शेतात लांब नेऊन ठेवायला लावला. मिलिंद सिलिंडर खांद्यावर घेऊन शेतातून चालला होता आणि मी ओरडून सांगत होते, की भिया, गीझर आहे, पाण्याचा गीझर. आत्या मला दुरुस्त करत होती, "गीज़र नहीं, बंब."

आणि नेमका तेव्हाच आतला प्लास्टिकचा जोड सुटला. फट्टकन आवाज झाला, दारातून वाफेचा लोट आला, आणि रस्त्यापलीकडची सगळी गर्दी खाली बसली. हवालदार तर सपशेल आडवाच झाला. मग दारातून कोमट पाण्याचा ओहोळ निघाला, पायरीवरून उतरला आणि त्याच्या कोपराखाली शिरला. त्यानं पाण्यात बोट घातलं आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"पानी है," तो म्हणाला.

"फिर मैं क्या बोल रही थी?" आत्या म्हणाली.

त्याला समजावून सांगायला बराच वेळ गेला. वरच्या साहेबांना फोन झाला होता, तो परत फिरवावा लागला. आमची कागदपत्रं, सिलिंडरची जागा, डाट, सगळं तपासून झाल्यावर त्यानं मिलिंदला चांगलं सुनावलं, आणि त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. आत्याला मात्र त्यानं खुर्ची आणून दिली, चहा पाजला आणि बंब म्हणजे नेमकं काय ते विचारून घेतलं. ढाब्यावरचे लोक परत येऊन तेच पोहे खायला लागले. आम्ही माफी मागत मागत निघालो, ते इतक्या घाईनं, की काहीतरी मागे राहिलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

धारला पोचेपर्यंत दुपार झाली. किल्ला बाहेरून पाहिला, कारण आतला वेळ आम्ही नळाच्या दुकानांत घालवला. जोड लगेच मिळाला. पण डाट काढताना व्हॉल्व्हचे आटेच उखडले होते, इतकं मिलिंदचं काम पक्कं. नवा व्हॉल्व्ह हवा होता. दुकानदार घरगुती गीझरचा देत होते. एक जण म्हणाला, सब चल जाता है भिया. पण त्यावर लिहिलेला दाब आमच्या टाकीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त होता. म्हणजे टाकी आधी फुटली असती आणि व्हॉल्व्ह नंतर उघडला असता. मिलिंदला मोह झाला. मी बारीक अक्षरांवर बोट ठेवून उभी राहिले. आकडा जुळला नाही तर बसवायचा नाही. टाकी बंद ठेवून फक्त गार पाण्याची लाईन चालू केली.

जे अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी इथंच सांगून टाकते. टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा असावी लागते, फुगलेलं पाणी त्या हवेवर रेलतं. ती हवा हळूहळू पाण्यात मुरून संपते, आणि मग व्हॉल्व्ह जास्त टपकायला लागतो. तेव्हा डाट मारायचा नाही. हीटर बंद करायचा, पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, पंप बंद करायचा, गरम पाण्याची तोटी उघडायची, आणि व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्यायचं. हवा परत जागेवर येते. आपल्या माळव्यातलं बोअरिंगचं पाणी जड, त्यामुळे टाकी अधूनमधून रिकामी करून आतला क्षारांचा पांढरा थर धुऊन काढा. रिकामी टाकी पेटवू नका. आणि धर्मशाळेच्या उंच टाकीचा नळ गाडीला जोडायचा असेल, तर मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. हे सगळं पुस्तिकेत आहे. आमच्या घरात ती आता फ्रेम करून लावण्याचा विचार चालू आहे.

संध्याकाळी अमझेऱ्याला पोचलो. रुक्मिणीहरण इथल्याच देवीच्या देवळातून झालं, असं इथले लोक सांगतात, आणि आत्याला ते दर्शन घ्यायचं होतं. देवळाजवळच्या धर्मशाळेच्या आवारात गाडी लावायला परवानगी मिळाली. बंब गेला तर गेला, ओट्यावर पातेल्यात पाणी तापवू, असा मी दिवसभर धीर धरला होता. रात्रीच्या खिचडीसाठी शेगडी पेटवायला गेले आणि तेव्हा कळलं, की सिलिंडर घाटाबिल्लोदच्या हरभऱ्यातच आहे.

आम्ही बाजारातून शेव-टोमॅटोची भाजी आणि पोळ्या आणल्या. धर्मशाळेचा रखवालदार म्हणाला, की चूल आहे, पण लाकडं ओली आहेत, सकाळी बघू. आत्या मुकाट जेवली, गोळ्या घेतल्या आणि आडवी झाली. ती बडबडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला आता कुक्षी दिसत नव्हती, परतीचा रस्ताच दिसत होता, आणि तिकडे विमलताई वाट बघत होती.

सकाळी जाग आली तेव्हा आत्याचा पलंग रिकामा होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी शाल ओढून धावत धर्मशाळेच्या मागे गेले, चुलीसाठी. ओलं लाकूड धुमसत होतं, मिलिंद डोळे चोळत फुंकत होता, आणि पातेलं तसंच गार होतं. परत वळले तर गाडीच्या पायरीवर आत्या बसलेली. केस ओले, कपाळाला कुंकू, धुतलेलं सुती लुगडं. ओठ निळे पडले होते.

"आत्या, तू गार पाण्यानं आंघोळ केलीस?"

"केली. तांब्या ओतला की कळतच नाही काही. जीभ आत जाते, एवढंच."

मी तिला शालीत गुंडाळलं आणि म्हटलं, की अटीप्रमाणे परत फिरू या, मी नाराज होणार नाही. तिनं शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मंजू, गुडघे दुखतात ते खरं आहे," ती म्हणाली. "पण मी निघत नव्हते ती त्यामुळे नाही. म्हातारं माणूस बरोबर असलं की सगळ्यांचा खोळंबा होतो. कुणी बोलून दाखवत नाही, घड्याळ बघतात. म्हणून मी पाण्याचं पुढे करायची. काल मात्र सगळा खोळंबा त्या बंबानं केला. सगळे त्याच्यावर चिडले, त्याच्यासाठी थांबले, त्याच्यासाठी दुकानं हिंडले. माझ्याकडे बघून एकदाही कुणी घड्याळ पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं."

शेजारून मिलिंद धुरानं डोळे पुसत येत होता, तेव्हा मीही पुसले, ते धुरावर खपून गेलं. आत्यानं त्याला सांगितलं, "जावईबापू, बंब दुरुस्त करा, पण अगदी शहाणा करू नका."

दर्शन घेऊन आम्ही टांडा आणि बाग या गावांवरून कुक्षीकडे निघालो. रस्ता वळणांचा आहे, टेकड्या, पळस, मध्येच खड्डे. मोठी गाडी असेल तर उजेडातच जा. बागला ठशांच्या छापाचं कापड घ्यायला थांबायचं असेल तर वेळ हातात ठेवा. आम्ही थांबलो नाही, कारण आता घाई आत्यालाच होती. ती मिलिंदला ओव्हरटेक करायला सांगत होती.

विमलताईच्या मुलाकडे दाल-पानिये केले होते. मक्याच्या पिठाचे जाड पानिये, पानांत दाबून गोवरीवर भाजलेले, वर तुपाची धार. त्यांची चव सांगून कळणार नाही, जाऊन खाल्ले पाहिजेत. दोघी मैत्रिणी दुपारभर हात धरून बोलत बसल्या. फोनवर ज्या ओरडायच्या, त्या समोरासमोर इतक्या हळू बोलत होत्या, की आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. निघताना विमलताई म्हणाली, इतक्या लांब ही आलीच कशी. आत्या म्हणाली, काही कठीण नाही, गाडीत सगळी सोय आहे.

परतीच्या वाटेवर त्याच ढाब्यावर थांबलो. आमचा सिलिंडर ढाबेवाल्यानं शेतातून आणून जपून ठेवला होता. म्हणजे त्यावर चहा उकळत होता. त्यानं आम्हाला त्याच सिलिंडरवरचा चहा पाजला आणि आम्ही दोनदा आभार मानले. बॅरिकेडवर हवालदार दुसराच होता. पण आत्याची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली असावी, कारण त्यानं खिडकीत वाकून अदबीनं विचारलं, की अम्मा, बंब ठीक है?

आता हिशोब मांडायचा तर हीटर अजून बंदच आहे. बरोबर दाबाचा व्हॉल्व्ह मागवलाय, येईल तेव्हा येईल. मिलिंदनं पुस्तिका वाचली, आणि आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला टाकीतल्या हवेच्या उशीबद्दल असं समजावतो, जणू ती त्यानंच शोधून काढली. गाडीतलं सगळं सामान मी आल्या आल्या उतरवलं, झाडलं, धुतलं. आत्याची पिशवी तिच्या घरी पोचवली. ती गॅलरीत बसली होती. पुन्हा तिथंच, तशीच.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

"मंजू, गाडी धुतलीस का गं? माझा पंचा राहिलाय न्हाणीत, खुंटीवर."

मी म्हटलं, धुऊन तिथंच वाळत घातलाय, संध्याकाळी आणून देते.

"आणू नकोस," आत्या म्हणाली. "राहू दे तिथंच."